आधी साइट, मग परदेश

सिव्हिलची डिग्री हातात पडली की दोन महिन्यांत एमएसला रवाना व्हायचं, ही मुंबईतल्या मराठी घरांत आता रुळलेली वाट आहे. शेवटच्या वर्षाला असतानाच जीआरई, आयईएल्टीएस, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, बँकेत लोनची फाइल. दादर-पार्ल्यात हे जसं दिसतं तसंच डोंबिवली, बदलापूर, विरारच्या घरांतही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ओळखीतले आईवडील मुलांना घेऊन सल्ल्याला येतात आणि माझं उत्तर त्यांना बहुधा आवडत नाही. परदेशात शिकायला जरूर जा, पण सिव्हिलवाल्यांनी आधी दोन-तीन वर्षं इथल्या साइटवर घालवावीत आणि मग जावं, असं मी सांगते. ही दोन-तीन वर्षं मुलामुलींना नीट घालवता येतील अशी व्यवस्था उभी करणं हे महापालिकेचं, एमएमआरडीएचं आणि राज्य सरकारचं काम आहे, आणि ते आज होत नाही. माझा आग्रह दोन्ही गोष्टींचा आहे. दुसरी नसेल तर पहिलीला फारसा अर्थ राहत नाही.

गोंधळ सुरू होतो तो उसन्या हिशेबातून. मामेभाऊ कॉम्प्युटरमध्ये एमएस करून न्यू जर्सीत स्थिरावला, त्याचं कर्जही लवकर फिटलं, मग हिलाही पाठवू. पण मामेभावाने ठाण्यात बसून शिकलेली प्रोग्रॅमिंगची भाषा तिकडेही तीच होती. काँक्रीटचं तसं नसतं. आपण काँक्रीटची ताकद १५० मिलिमीटरच्या क्यूबवर मोजतो. अमेरिकेत १५० मिमी व्यासाचा आणि ३०० मिमी उंचीचा सिलिंडर दाबून फोडतात, आणि त्याच काँक्रीटचा सिलिंडर क्यूबच्या साधारण ८० टक्केच आकडा दाखवतो. युरोपात म्हणूनच ‘सी २५/३०’ असे दोन आकडे जोडीने लिहितात, पहिला सिलिंडरचा आणि दुसरा क्यूबचा. तिकडचा ३० आणि इकडचा ३० एकच समजून कुणी डिझाइन केलं तर ती चूक कागदावर दिसणार नाही, खांबात दिसेल. डिझाइनचे नियम सांगणारे कोडही वेगळे. आपल्याकडे काँक्रीटसाठी आयएस ४५६, पोलादासाठी आयएस ८०० आणि पुलांसाठी आयआरसीचे कोड. अमेरिकेत काँक्रीटसाठी एसीआय ३१८ आणि भारांसाठी एएससीई ७, युरोपात दहा युरोकोड. अमेरिकेत आजही पाउंड, किप (हजार पाउंड) आणि इंचांत हिशेब चालतो. छपरावर साठणारा बर्फ हा तिथल्या उत्तरेकडच्या राज्यांत डिझाइनमधला नेहमीचा भार. मुंबईत बर्फ नाही, पण चार महिने झोडपणारा पाऊस आणि वर्षभर खारा वारा आहे.

मूळ शास्त्र एकच आहे, हे मला मान्य. बलांचा समतोल, वाकणाऱ्या तुळईचा सिद्धान्त सगळीकडे तेच. पण आमच्या कामातला मोठा भाग कोणत्या गृहीतकावर किती विसंबायचं हे ठरवण्याचा असतो, आणि ते जागेवर कळतं.

मुंबईच्याच जमिनीचं घ्या. खाली दख्खनचा बेसॉल्ट, पण तो सलग नाही. मध्येच ब्रेशिया, टफ, कुजलेला खडक, मुरूम. वर कुठे मातीचा थर, कुठे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा भराव, कुठे खाडीची चिकणमाती. एकाच रस्त्यावर एका प्लॉटला चार मीटरवर खडक लागतो आणि पलीकडच्या प्लॉटला पाइल, म्हणजे पायाचा जमिनीत उतरवलेला खांब, बारा मीटर खाली न्यावी लागते. वांद्रे-कुर्ला संकुल मिठीकाठच्या खाजणावर उभं आहे आणि नवी मुंबईतही सागरी चिकणमातीचे जाड थर जागोजाग आहेत. अशा मातीवर भराव घातला की ती वर्षानुवर्षं दबत राहते. इमारत पाइलवर स्थिर राहते, पण तिच्याभोवतीचं अंगण, गटार, पाण्याची लाइन खाली जाते. बोअरहोलचा अहवाल वाचायला कॉलेजात शिकवतात. पण ड्रिलिंगवाल्याने पेटीत मांडलेले खडकाचे तुकडे पाहून खाली सलग खडक आहे की नुसता मोठा धोंडा लागलाय, हे ओळखायला त्या पेटीपाशी उन्हात उभं राहावं लागतं, आणि शेजारी कुणीतरी जाणतं माणूस असावं लागतं.

मग इमारती. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-बीनुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, आणि त्यांची सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी प्रतवारी होते. सी-१, म्हणजे अतिधोकादायक, ठरली की बिऱ्हाडं बाहेर काढायची. त्या प्रतवारीमागे कुणा एका इंजिनिअरची सही असते. गिरगावात अजून सागवानी खांब आणि लाकडी तुळयांच्या चाळी आहेत. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या, म्हणजे आपल्याकडच्या आरसीसीच्या अगदी सुरुवातीच्या पिढीतल्या. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी सोसायट्यांत सळईवर काँक्रीटचं धड कव्हर नाही. खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने सळई गंजली, फुगली आणि स्लॅबखालचं काँक्रीट पापुद्रे सुटून खाली आलं. यातलं बहुतेक काही परदेशी एमएसच्या अभ्यासक्रमात असण्याचं कारणच नाही. पण ज्या मुलीने बीमवर हातोडी ठोकून पोकळ आवाज ऐकला आहे, सळई गंजतेय का ते सांगणाऱ्या हाफ-सेल चाचणीचे आकडे वहीत उतरवले आहेत, आणि दुरुस्त केलेला बीम पाच वर्षांत त्याच जागेच्या शेजारी पुन्हा का फुटला याचं उत्तर जिला कुणी दिलं नाही, तिला तिकडच्या प्रयोगशाळेत काय विचारायचं ते पक्कं माहीत असतं. कॉलेजातून थेट आलेल्या मुलासाठी क्लोराइड हे समीकरणातलं एक अक्षर असतं.

साइट आणखीही काही शिकवते, जे सांगून कळत नाही. कागदावर छान बसलेल्या सळया बीम-कॉलमच्या जोडात इतक्या दाटतात की व्हायब्रेटरची सुई आत जात नाही. हे एकदा फिटरच्या शेजारी बसून पाहिलं की माणूस आयुष्यभर ड्रॉइंग वेगळं काढतो. तयार काँक्रीटचा (आरएमसी) ट्रक ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकतो, स्लम्प, म्हणजे काँक्रीटचा सैलपणा, गेलेला असतो, ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी सोडायला निघतो, स्लॅब अर्धा भरलेला असतो आणि कंत्राटदाराचा माणूस घड्याळ दाखवत असतो. त्या वेळी तेवीस वर्षांच्या मुलीने ‘हा ट्रक परत पाठवा’ म्हणायचं असतं. इंजिनिअर म्हणून तिची घडण तिथे होते. मेजरमेंट बुक लिहिताना कळतं की पैसा कसा फिरतो. स्लॅबखालचा तात्पुरता आधार, म्हणजे सेंटरिंग, कधी काढायचं यावरून मुकादमाशी वाद घालताना कळतं की कोडमधल्या दिवसांच्या आकड्यामागे कुणाचा तरी जीव आहे.

विश्वेश्वरय्यांचं नाव आपण अभियंतादिनी घेतो, त्यांचा क्रम मात्र पाहत नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनिअर होऊन ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले. नाशिक, धुळे, खानदेशात कामं केली. १८९८ साली जपान पाहिला. खडकवासल्याला त्यांच्या कल्पनेतून आलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ साली बसले. युरोप-अमेरिकेचा मोठा अभ्यासदौरा त्यांनी १९०८ साली केला, चोवीस वर्षांची नोकरी मागे टाकून. तिकडे काय पाहायचं आणि इकडे त्याचं काय करायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. चोवीस वर्षं थांबा असं मी कुणाला म्हणत नाही. दोन-तीन पुरेत.

आता परदेशात खरोखर शिकण्यासारखं काय आहे तेही सांगायला हवं, कारण मी तिकडे जाण्याच्या विरोधात आहे असं समजून आईवडील उठून जातात. नेदरलँड्समध्ये १९५३ साली एका रात्रीत समुद्र आत शिरला आणि १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्या देशाने पुढची चार दशकं खर्चून बांध आणि दरवाजांची डेल्टा वर्क्स ही साखळी उभी केली. डेल्फ्टच्या विद्यापीठात पाण्याच्या बांधकामांबद्दल जे शिकवतात त्यामागे हा अनुभव आहे, आणि मुंबईला त्याची अतोनात गरज आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. शहरातल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. ती क्षमता ५० मिमीवर न्यायला पर्जन्यवाहिन्यांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ सालीच सांगितलं होतं, आणि कामाने वेग घेतला तो पूर येऊन गेल्यावर. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथली पाणी उपसणारी उदंचन केंद्रं त्यातून उभी राहिली. मोठ्या भरतीला पातमुखं, म्हणजे या वाहिन्यांची समुद्राकडची तोंडं, पाण्याखाली जातात, दरवाजे बंद करावे लागतात आणि शहरातलं पाणी पंपांनी समुद्रात फेकावं लागतं. जुलैच्या एखाद्या दुपारी अशा केंद्रावर भरती आणि पाऊस एकाच वेळी चढताना ज्याने पाहिलं आहे, तो डेल्फ्टच्या वर्गात बसला तर पहिल्या आठवड्यापासून मुंबईचं काम करायला लागेल. म्हणून कुठे जायचं हे ठरवताना क्रमवारी पाहण्याआधी स्वतःचा प्रश्न कोणता ते पाहावं. तो प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारमधून फारसा मिळत नाही.

बहुसंख्य मुलं मात्र अमेरिकेलाच जातात, आणि तिथला हिशेब सिव्हिलसाठी खास अडचणीचा आहे. तिथे इंजिनिअर म्हणून जबाबदारीची सही करायची तर पीईचं (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्स लागतं. असा पहिला कायदा वायोमिंग राज्याने १९०७ साली केला आणि आज प्रत्येक राज्याचं वेगळं मंडळ आहे. आधी एफई ही ११० प्रश्नांची प्राथमिक परीक्षा, मग बहुतेक राज्यांत चार वर्षांचा देखरेखीखालचा अनुभव, मग पीईची परीक्षा. बरीच राज्यं एमएसबद्दल एक वर्ष सूट देतात. आता व्हिसा पाहा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिक्षण संपल्यावर १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे काम करायची परवानगी, आणि सिव्हिल ‘स्टेम’मध्ये मोडत असल्यामुळे आणखी २४ महिने. एकूण ३६. म्हणजे लायसन्स हाताशी यायला लागतं नेमकं तेव्हाच मुदत संपत येते. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत: वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी जादा २०,०००. त्यात जगभरातले, सगळ्या शाखांचे उमेदवार. सप्टेंबर २०२५मध्ये देशाबाहेरून होणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क आलं, त्यामुळे एकदा भारतात परतून मग नोकरी शोधू म्हणणाऱ्याची वाट जवळजवळ बंद झाली. शिवाय रस्ते, पूल, धरणं ही कामं तिकडेही सरकारच काढतं. तिथल्या केंद्र सरकारच्या नोकऱ्या जवळपास सगळ्या नागरिकांसाठी राखलेल्या. उरतात खाजगी कन्सल्टंट, आणि त्यांतल्या लहान कंपन्या व्हिसाच्या कटकटीला आणि वकिलाच्या खर्चाला कचरतात. कॉम्प्युटरवाल्याच्या वाट्याला या अडचणी थोड्याफार येतात, पण त्याला लायसन्स लागत नाही आणि त्याचा मालक सरकार नसतो.

पगारातही फरक आहे. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या २०२४च्या आकड्यांत सिव्हिल इंजिनिअरची मध्यम वार्षिक कमाई १ लाख डॉलरच्या किंचित खाली आहे, तर सॉफ्टवेअर डेव्हलपरची १ लाख ३० हजारांच्या पुढे. हे सगळ्या वयोगटांचे आकडे. नवख्याचे दोन्हीकडे कमी. कर्जाचा हप्ता मात्र दोघांना सारखाच. शुल्क आणि दोन वर्षांचं राहणं धरून ४०-५० लाख सहज लागतात आणि साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. ते तारण म्हणजे वडिलांनी वीस वर्षं हप्ते भरून सोडवलेला फ्लॅट. तो पुन्हा गहाण पडतो. ३६ महिन्यांत नोकरी टिकली नाही तर मुलगा परत येतो तो रुपयांतल्या पगारावर डॉलरमधल्या खर्चाचं कर्ज फेडायला. इथे दोन-तीन वर्षं काढून गेलेल्याच्या गाठीला निदान परतण्याची जागा असते. जुन्या कंपनीत त्याला ओळखतात, इथले कोड त्याच्या हातात बसलेले असतात.

जर्मनीचं गणित वेगळं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शुल्क नाममात्र, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आणि आता म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात युरोपबाहेरच्यांना शुल्क आहे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) ठेवावे लागतात, भारतीयांना कागदपत्रं तपासणाऱ्या एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. अभ्यासक्रम इंग्रजीत मिळतो, पण साइटवरचा मुकादम जर्मनच बोलतो, त्यामुळे बी-२पर्यंतची जर्मन नसेल तर नोकरी ऑफिसातल्या मॉडेलिंगपुरती उरते. ब्रिटनमधला एक वर्षाचा एमएससी इतका घाईचा असतो की नेमकं काय हवं ते आधीच ठाऊक असलेल्यालाच तो फळतो. आणि कुठेही जायचं असो, आपल्या कॉलेजचा कोर्स एनबीए या राष्ट्रीय मान्यता मंडळाच्या टियर-१ यादीत आहे का ते आधी पाहून घ्यावं. भारत २०१४पासून, देशादेशांतल्या इंजिनिअरिंग पदव्या परस्पर मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य आहे, पण त्या कराराखालची मान्यता टियर-१च्या अभ्यासक्रमांनाच मिळते. लायसन्सच्या वेळी हे आडवं येतं आणि तेव्हा काही करता येत नाही.

हे सगळं ऐकून एक आई मला म्हणाली, “ताई, एकदा नोकरीला लागली की घरचे लग्नाचं बघायला लागतील. आत्ता गेली तरच जाईल.” याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही, आणि तिचं म्हणणं खोटंही नाही. साइटवर मुलींचे हाल होतात. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यापासून स्वच्छतागृहांची सक्ती आहे, तरी कितीतरी साइटवर बाईमाणसासाठी नीट जागा नसते. साइट इंजिनिअर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि रेती वाहणाऱ्या बायकांचे हाल तर त्याहून वाईट. रात्रीच्या स्लॅबनंतर घरी सोडायची सोय नसते. मुलांचीही स्थिती बरी नाही. सबकॉन्ट्रॅक्टरकडे लागलेल्या नव्या पदवीधराला वीस-पंचवीस हजारांत बारा-बारा तास उभं करतात, रविवारीही बोलावतात, आणि शिकवत कुणीच नाही. मजूर मोजायचे, चलनं सांभाळायची, वरिष्ठांचे फोन घ्यायचे. अशी दोन वर्षं काढून पदरात काहीच पडत नसेल, तर घरच्यांनी मुलांना विमानात बसवलं यात त्यांचा दोष नाही. घरात पहिल्यांदाच कुणी इंजिनिअर झालं असेल, पाठीशी कुणी नसेल, तर वीस हजारांची दोन वर्षं ही फार महागात पडणारी गोष्ट आहे. म्हणूनच मी म्हणते की हा प्रश्न घराघरातल्या निर्णयाचा राहू नये. तो शहराच्या धोरणाचा आहे.

कारण शिकायला लागणारं सगळं या शहरात आहे. गेल्या काही वर्षांत मुंबईत झालं तेवढं अवघड सिव्हिल काम देशात क्वचित एका जागी झालं असेल. १२ जानेवारी २०२४ला खुला झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, ज्यात ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक (खालून पोलादी पट्ट्यांनी ताठ केलेला पोलादी पृष्ठभाग) भारतात पहिल्यांदा वापरला गेला आणि ज्याच्या एका टप्प्यावर जपानची आयएचआय कंपनी एल अँड टीबरोबर होती. सागरी किनारा रस्त्याचे मलबार हिलखालून गेलेले जुळे बोगदे, १२.१९ मीटर व्यासाच्या ‘मावळा’ यंत्राने खणलेले. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो, जुन्या दगडी इमारतींच्या पायाखालून नेलेली. माटुंग्याचं व्हीजेटीआय, ज्याची स्थापना १८८७ सालची आहे, किंवा अंधेरीचं सरदार पटेल कॉलेज, इथून ही कामं लोकलच्या अंतरावर. परदेशातले विद्यार्थी ज्या कामांवर प्रबंध लिहितात अशी ती कामं. कंत्राटदारांनी आपल्या गरजेपुरती माणसं घेतली, तेवढ्यावर शहर समाधान मानून राहिलं. या कामांवर दरवर्षी अमुक इतके इंजिनिअर घडवून बाहेर काढायचे, असं ठरवून कुणी केलं नाही. पैसा आपला होता, कर्ज आपल्या नावावर आहे. त्यातून मिळणारं शिक्षणही आपलं असायला हवं होतं.

दुसरी गोष्ट लायसन्सची. वास्तुविशारदांसाठी देशात १९७२चा कायदा आहे. डॉक्टरांसाठी, वकिलांसाठी आहेत. इंजिनिअरसाठी देशपातळीवर तसा कायदा नाही. महापालिका आपल्यापुरती स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी करते. देखरेखीखालचा नोंदवलेला अनुभव आणि त्यानंतरची कसून घेतलेली परीक्षा, अशी शिडी आपल्याकडे नाही. १४ मार्च २०१९ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळून सात माणसं गेली, आणि त्या पुलाच्या ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्त्याच सुचवलेल्या होत्या. जर्मनीत एका इंजिनिअरने केलेलं डिझाइन दुसरा, स्वतंत्र नेमलेला आणि सरकारमान्य असा इंजिनिअर तपासतो. अमेरिकेत पीईचा शिक्का चुकीचा वापरला तर लायसन्स जाऊ शकतं. अशी व्यवस्था आणली तर साइटवरची पहिली दोन वर्षं वाया गेली असं कुणाला वाटणार नाही, कारण ती पुढच्या परवान्याची पहिली पायरी असेल. आज ती कुठेच मोजली जात नाहीत, म्हणून मुलं ती टाळतात.

तिसरं, परतणाऱ्यांचं. महापालिकेत काय किंवा राज्याच्या अभियांत्रिकी सेवेत काय, भरती मुख्यतः लेखी परीक्षेच्या गुणांवर होते. ती पारदर्शक आहे आणि तशीच राहिली पाहिजे. पण बोगद्यांत किंवा किनारी बांधकामांत परदेशी मास्टर्स आणि चार वर्षांचं काम करून तिशीत परत आलेल्या माणसाला त्याच परीक्षेत नव्या पदवीधराशेजारी बसावं लागतं, आणि निवड झाली तर कुठल्या तरी वॉर्डात फुटपाथच्या फाइली पाहाव्या लागतात. पर्जन्यजल, पूल, बोगदे या खात्यांत तज्ज्ञांसाठी थोडी पदं वेगळी ठेवून, जाहिरात देऊन, आरक्षणाचे सगळे नियम पाळून भरता येतील. राज्य सरकार अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीय विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देतं, आणि ते फार मोलाचं काम आहे. त्यातून शिकून आलेल्या इंजिनिअरला परत आल्यावर राज्याच्याच कामावर जागा मिळेल, अशी हमी मात्र त्या योजनेत असायला हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले तेव्हा परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार होता. ते परतले, पद मिळालं, आणि जातीमुळे त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. ते मुंबईला परत आले. करारात जागा असणं पुरत नाही, हे तेव्हा बडोद्याने दाखवलं. आज तर आपण साधा करारही करत नाही.

यातल्या कायद्याला वेळ लागेल, पदांच्या रचनेलाही लागेल. एक गोष्ट मात्र याच वर्षी होऊ शकते. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा, ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगदा, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, वर्सोव्यापासून उत्तरेकडचा किनारी रस्ता ही कामं आहेतच, आणि त्यांच्यामागे आणखी निविदा निघणार आहेत. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा पदवीधरांनाही लागू आहे, आणि ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत असा नियम आहे. तेव्हा महापालिकेने आणि एमएमआरडीएने निविदेतच कलम घालावं: या कामावर इतके पदवीधर सिव्हिल इंजिनिअर दोन वर्षांसाठी घ्यायचे, सहा महिने जमिनीच्या तपासणीवर, सहा महिने काँक्रीटवर, सहा महिने डिझाइन ऑफिसात, सहा महिने बिलं आणि मोजमापावर. प्रत्येकाची कामाची वही वरिष्ठ इंजिनिअरने दर महिन्याला तपासून सही करायची. निम्म्या जागा मुलींना. जगता येईल एवढं विद्यावेतन प्रकल्पाच्या खर्चातून. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि रात्री घरी सोडायची गाडी नसेल तर कंत्राटदाराचं बिल थांबवायचं. हजारो कोटींच्या कामात हा खर्च कुठे दिसणारही नाही. वर्षाला अशा दोनशे जागा निघाल्या, तरी माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांना मी नुसता सल्ला देण्याऐवजी अर्जाची तारीख सांगेन.